कणगीतला कप

"दाब अजून. कान दिसून राह्यला त्याचा," कमळाबाई म्हणाली.

मयुरीने कपाचा पितळी कान धानात आणखी खोल दाबला. कणगीत आतापर्यंत चार कप आणि दोन ढाली गेल्या होत्या. हा पाचवा कप सगळ्यांत मोठा होता आणि काही केल्या बुडायला तयार नव्हता.

"आई, हा जिल्ह्याचा कप हाय. धानात पुराले नाई भेटला मले."

"पाव्हणे गेले का काढजो."

"आन् फायनल? दोन वाजता फायनल हाय. मी कॅप्टन हाव."

"आज तू कोणाचीच कॅप्टन नोहोस. आज तू फक्त मुलगी हायेस. जा, साडी नेस."

मोहबोडीत पट भरला होता. दरवर्षी जानेवारीत, धान घरात येऊन पडलं की, गोंडपिपरीच्या बाजूची ही गावं बैल घेऊन बाहेर पडतात आणि आज या गावी, उद्या त्या गावी शंकरपट रंगतो. मोहबोडीचा पट दोन दिवसांचा. सकाळी बैलजोड्यांची शर्यत, दुपारी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावरच्या मैदानात कबड्डी, रात्री मंडपात नाटक. घरोघरी लेकीजावई उतरलेले, चुली दिवसभर पेटलेल्या. आणि पटाला आलेली माणसं बैल पाहता पाहता लग्नाच्या मुलीही पाहून घेतात, हे काही कोणापासून लपलेलं नाही.

मयुरीला आतापर्यंत दोनदा पाहून झालं होतं. पहिल्या पाहुण्यांनी फळीवरचे कप पाहिले आणि विचारलं, "हाफ पँट घालून खेळते का?" दुसऱ्यांनी चहा पिता पिता तिच्या गुडघ्यावरचा व्रण हेरला. दोघंही "कळवतो" म्हणून गेले आणि दोघांनीही कळवलं नाही. चोवीस वर्षांची मुलगी, बी.ए. झालेली, रंगाने सावळी. कमळाबाईने तेव्हाच ठरवलं की आता जो कोणी येईल त्याला या घरात कबड्डीचा वासही लागू द्यायचा नाही.

हे तिसरं स्थळ कमळाबाईच्या धाकट्या भावाने, लहानूने आणलं होतं. मुलाचं नाव पियुष. ऊर्जानगरला वीज केंद्रात कायमची नोकरी, राहायला क्वार्टर. त्याची मोठी बहीण आधी एकटी येऊन पाहून जाणार होती. "चश्मेवाली हाय, बारीकशी," लहानूने बहिणीला सांगून ठेवलं होतं. "चंद्रपूरले कॉलेजात शिकवते. भाड्यानं गाडी करून येईन. तिनं हो म्हटलं का झालंच समज, बाई."

कमळाबाईचा नवरा वारलू पहाटेच पटावर पसार झाला होता. घरात लग्नाची बोलणी निघाली की वारलू हमखास बैलांमध्ये सापडायचा.

अकराच्या सुमारास अंगणापुढे पांढरी गाडी थांबली. आतून एक बारीकशी, चश्मेवाली बाई उतरली. कमळाबाईने डोक्यावर पदर घेतला, पाण्याचा गडवा उचलला आणि जीव मुठीत धरून पुढे झाली.

आता एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. ही बाई पियुषची बहीण नव्हती. ती होती पुण्याची नूतन. प्रवासाची पुस्तकं लिहायची, आणि तिची तऱ्हा जरा वेगळी होती. किल्ले, देवळं, वाघ यांच्या वाटेला ती जात नसे. कुठल्याही गावात गेली की तीनच गोष्टी विचारी: काय खाता, काय गाता, काय खेळता. ती गाडीतून उतरली होती ती फक्त पटाचं मैदान कुठे आहे हे विचारायला.

पण मोहबोडीत दारी आलेल्या माणसाला नावगाव विचारत नाहीत. आधी पाय धुवायला पाणी, मग ताट. आणि ताट उचलेपर्यंत, आलात कशाला, असं विचारणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत लावणंच. नूतनही पाच दिवस या मुलखात फिरत होती. वाट विचारली की जेवायलाच बसवतात, हे तिच्या आता अंगवळणी पडलं होतं. त्यामुळे कोणी कोणाला काहीच विचारलं नाही. नूतनने पाय धुतले आणि घरापुढच्या छपरीत पाटावर जाऊन बसली. गाडीवाल्या शफीभाऊंचं ताट कमळाबाईने चिंचेखाली पोचतं केलं.

ताटात नव्या तांदळाचा भात होता, वांगं आणि पोपटाच्या शेंगांतल्या दाण्यांची भाजी होती, सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून केलेल्या वड्या होत्या, गुळाची खीर होती, आणि लाखोरीच्या डाळीचे तळलेले वडे होते. नूतनने वड्याचा पहिला घास घेतला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"हे कोणी केलं?"

"आमच्या मयुरीनं," कमळाबाई लगबगीने म्हणाली. वडे तिने स्वतः पहाटे चारला उठून केले होते.

"मयुरी, डाळ किती वेळ भिजवायची गं?"

मयुरी दाराशी निळी साडी नेसून उभी होती. "भिजवाची... भिजेपर्यंत," ती म्हणाली.

"रातभर," कमळाबाई म्हणाली. "लाजून राह्यली ते."

नूतनने वहीत लिहून घेतलं. कमळाबाईला वाटलं, काय तरी बाई ही! कॉलेजात शिकवते म्हणून मुलगी पाहायलाही वही घेऊन आली. बोलतेही कशी अगदी पुण्यातल्यासारखी.

"आणि गाणं? गाणं येतं का तुला?"

"नाई," मयुरी सरळ म्हणाली.

कमळाबाई घाईने पुढे सरकली. "येते, येते. रोवण्याचे गाणे म्यांच शिकवले तिले," असं म्हणत, मुलगी आणखी काही बोलायच्या आत, तिने स्वतःच सुरुवात केली. धान रोवताना चिखलात वाकून म्हणायचं ते गाणं ती खांबाला टेकून, पदर नीट करत म्हणाली:

"एक रोप माह्या मायचं, एक रोप सासूचं,
पाण्यामंधी कोण वळखीन, कोणतं रोप कोणाचं..."

आवाज आधी चोरटा निघाला. दुसऱ्या फेऱ्याला मोकळा झाला. नूतनने फोन पुढे करून सगळं गाणं भरून घेतलं. मुलाच्या आईला ऐकवायला नेत असेल, असा कमळाबाईने अर्थ लावला आणि तिला जरा धीर आला.

"आता शेवटचं," नूतन म्हणाली, आणि पुढे सरकून बसली. "खेळ कोणता खेळतेस?"

"खेळ?" कमळाबाई हसली. "नाई बापा. ते घराभाईरच पडत नाई. कॉलेज आन् घर, बस."

नूतनचा पेन थांबला. तिचा चेहरा उतरला. कमळाबाईने तो उतरलेला पाहिला आणि तिला काही केल्या उमगेना, की बरोबर उत्तर देऊनही बाई नाराज का झाली. मयुरी मात्र एकदम पाठ फिरवून आत गेली.

"भात फार सुंदर होता," नूतन उठता उठता म्हणाली. "काय वास आहे! याचं धान बघायला मिळेल?"

कमळाबाईला नाही म्हणायला निमित्त सुचायच्या आत नूतन कणगीपाशी पोचली होती. बाह्या सरसावून तिने धानात हात घातला, खेळवल्यासारखा फिरवला, आणि तिचा हात आतच अडकला. तिने ओढला. धान खळखळलं आणि त्यातून पितळी कान, मग गळा, मग अख्खा कप वर आला. तिने बुडावरची अक्षरं वाचली: "सर्वोत्कृष्ट चढाईपटू, कुमारी मयुरी वारलू..."

कपातून धानाचे दाणे टपटप खाली पडत होते. संपलं, कमळाबाईच्या मनात आलं. तिसरंही गेलं.

"माहा हाय," आतून बाहेर येत मयुरी म्हणाली. "आत अजून चार हायेत. आज दोन वाजता फायनल हाय, राजुऱ्याच्या पोरींसंगं. आई जाऊ देत नाई, काऊन का तुम्ही मले पाहाले आल्या."

"पाहायलाच आलेय!" नूतन म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "आज फायनल? इथे? काकू, अहो मग हिला घरात का ठेवलंय? जाऊ द्या ना तिला. मला तिचा खेळ बघायचाय."

कमळाबाईने दोनदा ऐकून खात्री करून घेतली. मुलाची बहीण स्वतःच्या तोंडाने सांगत होती. तिने नुसती मान हलवली. आईची मान दुसऱ्यांदा हलून नकार व्हायच्या आत मयुरी साडी सोडत आत पळाली आणि मागच्या दाराने, पिवळ्या जर्सीत, अनवाणीच पसार झाली.

मैदानाभोवती माणसं दाटली होती. कमळाबाई खेळ पाहायला जन्मात पहिल्यांदा तिथे आली होती. नूतन पुढे जाऊन रेषेपाशी मांडी घालून बसली. कमळाबाई शफीभाऊंच्या शेजारी, बायकांच्या घोळक्याच्या कडेला उभी राहिली. मयुरी चढाईला गेली की ती पदराचं टोक मुठीत आवळायची, परत आली की सोडायची. मध्यंतराला मोहबोडीच्या मुली पाच गुणांनी मागे होत्या.

"बाई, वडे एक नंबर होते," शफीभाऊ म्हणाले. "पण एक बात मले समजली नाई. जेवताना पोरीले साडी काऊन नेसवली होती? लग्नाची बात हाय का?"

"म्हणजे काय? ह्या बाई पाहालेच तर आल्या ना तिले. मुलाच्या बहीण."

शफीभाऊंनी कपाळावर हात मारला. "अल्ला! कोणाची बहीण? ह्या मॅडम तर पुण्याच्या हायेत. पुस्तक लिहितेत. पाच दिवस झाले चंद्रपुराहून निघून, ताडोब्याच्या गेटावरून दोनदा गेलो, थांबलीबी नाई. म्हणते, शफीभाऊ, वाघ राहू द्या, कोणाच्या घरी काय शिजते थे पाहू."

कमळाबाई काही बोलणार तोच गर्दीतून वाट काढत लहानू आला, घामाने निथळत.

"बाई! घर उघडं टाकून इथी काय करून राह्यली? पियुषची बहीण येऊन छपरीत बसली हाय. पाणी द्याले कोणी नाई. मयुरी कुठी हाय?"

कमळाबाईने बोटाने दाखवलं. लहानूने मैदानाकडे पाहिलं. त्याची भाची मध्यरेषेपाशी वाकून मातीत हात घोळवत होती. एक वेणी सुटली होती, कोपर सोललं होतं.

"हात जोडतो, बोलाव तिले," लहानू म्हणाला. "मागच्या दारानं नेऊ. तोंड धू म्हणा, साडी नेस म्हणा. अजून त्यायनं काहीच पाह्यलं नाई. दहा मिनिटात होते."

होण्यासारखं होतं, म्हणूनच कमळाबाईला अवघड गेलं. हाक मारली असती तर मयुरी आली असती. रडत आली असती, पण आली असती. वर आलेला कप लपवायला क्षण पुरला असता, बाकीचे कणगीतच होते, निळी साडी खाटेवर पडली होती.

तिला आठवलं, सत्तावीस वर्षांपूर्वी तिलाही असंच पाटावर बसवलं होतं. स्वयंपाक येतो का, गाणं येतं का, आणि तिसरं, कुठे हिंडतफिरत तर नाही ना. आईने शिकवून ठेवल्याप्रमाणे तिसऱ्याला तिने "नाई" म्हटलं होतं. पाहुणे खूश झाले होते. ते "नाई" तिने त्यानंतर कधी कोणापाशी मागे घेतलं नाही, वारलूपाशीसुद्धा नाही. आणि आज सकाळी तेच "नाई" तिने लेकीच्या वतीने एका परक्या बाईला सांगितलं होतं. त्या बाईचा चेहरा का उतरला, हे तिला आत्ता कळलं.

"लहानू, पाव्हण्याले इथीच घेऊन ये."

"इथी? बाई, तुले भूत लागलं का?"

"पोरगी पाहाची हाय ना? मंग इथी दिसून राह्यली ते. घरी काय दिसते?" आणि तो वळल्यावर तिने मागून हाक दिली, "पाणी घेऊन येजो! आन् वडे!"

पियुषची बहीण उर्वशी आली तेव्हा खेळ संपायला थोडाच वेळ उरला होता. तीही बारीकशी, चश्मेवाली. लहानूने तिला सतरंजी घातली, हातात वड्याची बशी दिली आणि तो शेजारी चोरासारखा बसला. मोहबोडी एका गुणाने मागे होती. शेवटची चढाई मयुरीची.

ती आत शिरली. समोर तिघी. एकीला तिने बोटाने टिपलं, दुसरीला वळता वळता, आणि तिसरीने झेप घेऊन तिचा पाय घोट्यापाशी धरला. मयुरी आडवी पडली. मध्यरेषा हातभर लांब होती.

"लांब हो!" कोणीतरी किंचाळलं. "लांब हो वो पोरी! हात टाक!"

ते आपणच ओरडतो आहोत हे कमळाबाईला नंतर कळलं. डोक्यावरचा पदर कधीच गळून पडला होता. मयुरी मातीत इंच इंच सरकली, पाय पिळून सोडवला आणि तिची बोटं रेषेवर पडली. शिट्टी वाजली. मग कोण कोणाच्या अंगावर पडलं ते काही समजलं नाही. नूतनची वही कोणाच्या तरी पायाखाली गेली आणि शफीभाऊ लहानूला उचलून नाचत होते.

धूळ बसल्यावर लहानूने दोघी चश्मेवाल्यांची गाठ घालून दिली. नूतनला सगळं समजलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. उर्वशीला हसू फुटलं. निघताना ती मयुरीजवळ गेली. "तो शेवटचा पाय कसा सोडवला?" तिने विचारलं. मयुरीने दाखवलं. उर्वशीने लक्ष देऊन पाहिलं आणि मग कमळाबाईकडे वळून म्हणाली, "आईशी बोलतो आन् कळवतो आम्ही."

हा शब्द कमळाबाईच्या ओळखीचा होता. त्यातून बहुतेक काय निघतं तेही तिला ठाऊक होतं. पण पाय कसा सोडवला, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिने उर्वशीच्या पिशवीत उरलेले वडे बांधून दिले.

"काकू, माझ्यामुळे केवढा घोळ झाला," सगळे बोडीच्या काठावर पाय धुवायला उतरले तेव्हा नूतन म्हणाली.

"तुमच्यामुळं माही पोरगी खेळली."

"वडे तुम्ही केले होते ना? आणि गाणंही तुमचंच. मग तिसरं राहिलं की. तुमचा खेळ कोणता?"

कमळाबाईने पाण्याकडे पाहिलं. बोडी दुपारच्या उन्हात शांत पडली होती. पलीकडच्या काठावर मोहाचं झाड उभं होतं.

"पोहत होती मी," ती म्हणाली.

मयुरीला हसू आवरेना. "आई, तू? कपडे धुताना गुडघ्याच्या वर पाण्यात जात नाईस."

"मगर होती ते!" लहानू म्हणाला. "माहेरचं तळं इकडून तिकडं, कोणत्याच पोट्ट्याले सापडत नोहोती. लग्नाच्या आधी मायनं बंद केलं."

कमळाबाईने पदर कमरेला घट्ट गुंडाळून खोचला, निऱ्या मागे घेऊन काष्टा मारला आणि बांगड्या वर सारल्या. बायका धुणं थांबवून पाहू लागल्या. गुडघाभर, कमरेभर, छातीभर पाण्यात ती गेली, आणि मग पाणी हललं आणि ती त्यावर आडवी झाली. सुरुवातीचे चार हात वेडेवाकडे पडले. नंतर तिला लय सापडली.

याच वेळी वारलू पटातली जोडी पाण्यावर घेऊन आला. बैलांनी तोंडं पाण्याला लावली. वारलूने बोडीच्या मधोमध चाललेलं काळं डोकं पाहिलं, काठावर उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं, आणि पुन्हा पाण्याकडे पाहिलं.

"तुही माय हाय का थे?"

"हो, बाबा."

वारलूने एका बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "पाणी थंड असन," तो म्हणाला.

पलीकडे कमळाबाई मोहाच्या मुळाला धरून वर चढली, धापा टाकत खाली बसली आणि दोन्ही हात तोंडापाशी धरून ओरडली, "लिवा आता!"

नूतन मळलेल्या वहीत लिहू लागली. वारलूने बैलांचे दोर मयुरीच्या हाती दिले, खांद्यावरचा दुपट्टा काढून झटकला आणि काठाकाठाने पलीकडे चालायला लागला.